काकूंच्या कॉम्प्युटरला झेपेल असं

शेजारच्या काकूंचं भरतकामाचं मशीन ज्या कॉम्प्युटरवर चालतं, तो माझ्या लग्नाच्याही आधीचा. मशीनची जाडजूड केबल नव्या कॉम्प्युटरला बसतच नाही, म्हणून काकूंनी तो जिवापाड जपलेला. मंगळवारी त्याची डिस्क गेली. मी दुसरी बसवून दिली, पण इतक्या जुन्या कॉम्प्युटरसाठी भरतकामाचा प्रोग्राम तयार काही मिळेना. मिळाला तो नुसता कोड; त्यापासून चालणारा प्रोग्राम आपणच बांधायचा, म्हणजे कंपाइल करायचा. बुधवारी तो तिथेच कंपाइल करायला लावला, तर दिवसभर पंखा घरघरला आणि काम झालं अकरा टक्के. शुक्रवारी सकाळी पोहण्याच्या शाळेचे चाळीस टॉवेल मुलांची नावं घालून द्यायचे होते. नाही जमलं तर हे काम कायमचं मोठ्या दुकानाकडे जाणार, असं शाळेने सांगूनच ठेवलं होतं.

गुरुवारी दुपारी लेकीचा डोळा लागला तशी मी माझ्या लॅपटॉपवर प्रोग्राम बांधायला घेतला. एकोणीस मिनिटांत तयार. लेकीला तशीच खांद्यावर टाकून ऐटीत पेनड्राइव्ह घेऊन गेले. काकू म्हणाल्या, चला, आता आम्ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला मोकळ्या. प्रोग्राम उघडला आणि लगेच मिटला. पुन्हा तेच.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या कॉम्प्युटरवर बांधतेय त्याच्याच प्रोसेसरला साजेसं बांध, ही सेटिंग मी सवयीने तशीच ठेवली होती. माझ्या तरण्या लॅपटॉपच्या उड्या या आजोबांना कुठून जमणार?

काकूंना कसं सांगावं कळेना, पण सांगितलं. त्यांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली.

"माप कुणाचं घेतलंस?"

"माझंच."

"आणि कपडा माझा. जा, उसव आणि पुन्हा शिव. पोरीला ठेव इथे."

लेक आधीच जागी होऊन त्यांचा चष्मा ओढत होती. मी घरी धावले, जुन्या प्रोसेसरचं नाव नीट तपासून घातलं आणि वीस मिनिटं नखं खात बसले.

या वेळी प्रोग्राम उघडला. सावकाश, कुरकुरत, पण उघडा राहिला. सुई खाली आली आणि निळ्या टॉवेलावर पहिलं अक्षर उमटू लागलं. काकूंनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. नाव पुरं झाल्यावर त्यावरून बोट फिरवलं आणि कात्री माझ्या हातात दिली.

"उभी काय राहिलीस? मागचे दोरे काप. अजून एकोणचाळीस आहेत."