शर्यत पुन्हा घेण्याबाबत

शिरगावची चारुता चुरी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत शंभर मीटरला पहिली आली. सोन्याचं पदक, खांद्यावर तिरंगा, डोळ्यांत पाणी, सगळं यथासांग झालं. तरी ते झालेलंच नाही असं धरून चालायचं, अशी चारुताच्या आईची, जयवंतीची, गावाला सक्त ताकीद आहे. कोणी पेढे घेऊन घरी गेलं तर ती माणसाला पाणी देते आणि सांगते, की शर्यत अजून व्हायची हाय, झाली की कळवीन. पेढे मात्र ठेवून घेते. पेढ्यांनी कोणाचं काय वाकडं केलंय?

तिचा नवरा रामनाथ तारापूरच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. त्याने एकदा जेवताना दबकत म्हणून पाहिलं, "अगं, पण पोरगी पयली आलीय."

"कोणी पायलं?"

"आख्ख्या आशिया खंडानं पायलं."

"ज्यानं बघायचं होतं त्यानं नाय पायलं," जयवंती म्हणाली आणि त्याच्या ताटात अजून एक बोंबील टाकला, म्हणजे विषय संपला.

ज्यानं बघायचं होतं ते बळवंतराव. बोईसरला त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. शिवाय तालुका धाव मंडळ नावाच्या संस्थेचे अध्यक्ष तेच, सचिव तेच, आणि शर्यत असली की बंदूक उडवणारेही तेच. सहा वर्षांपूर्वी पालघरला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. चारुता तेव्हा नववीत. बंदूक वाजली आणि बाकीच्या मुली दचकून सावरत होत्या तोवर ही निम्म्यात पोचली. बळवंतरावांनी विचार केला, की ज्याअर्थी ही एवढी पुढे आहे, त्याअर्थी ही आधीच निघालेली असणार. त्यांनी तिला बाद केलं. जागा त्यांच्या भाचीला मिळाली. भाची पुढे राज्य स्पर्धेत शेवटचा टप्पा चालत आली, पण ते असो.

जयवंती भांडायला पुढे गेली तर बळवंतराव चारचौघांत हसून म्हणाले, "वहिनी, पोरीला वाडीत शिंपणं करायला लावा. तिथं घाई केली तरी कोणी बाद करत नाय." चारचौघे हसले. त्यातला एक तर हसता हसता खाली बसला.

जयवंतीने ते वाक्य घरी आणलं आणि वाढवलं. वाडीतल्या केळीला एखादे वेळी खत कमी पडलं असेल, वाक्याला कधी पडलं नाही.

पुढे चारुता पुण्याच्या वसतिगृहात गेली, तिथून राष्ट्रीय शिबिरात गेली. ती कशी वर चढली ती हकीगत मोठी आणि प्रेरणादायी आहे, म्हणून इथे सांगत नाही. जयवंतीचं खातं वेगळं होतं. पोरीने जिंकायचं आणि आईने सूड उगवायचा, अशी घरात कामाची वाटणीच झालेली होती.

सुडाची तिची कल्पना तशी साधी. बळवंतरावांना समोर बसवायचं, चारुताची अंतिम शर्यत चालू असताना दाखवायची आणि त्यांचं तोंड बघायचं. शिवीगाळ नाही, मारझोड नाही. नुसतं तोंड. निकाल लागल्यावर माणूस तोंड आवरून घेतो, पण बंदूक वाजल्यापासून रेघ ओलांडेपर्यंत आवरायला फुरसत मिळत नाही. तेवढी अकरा-साडेअकरा सेकंदं जयवंतीला हवी होती. मग ती त्यांचं वाक्य त्यांना परत करणार होती, जसंच्या तसं, व्याज न लावता.

आता बळवंतराव येतील कशाला, हा प्रश्न होता. पण सत्कार म्हटला की त्यांना नाही म्हणता येत नसे. शाल दिसली की त्यांची मान आपोआप खाली येई. जयवंतीने पालघरला पत्रिका छापल्या: 'चारुताचे प्रथम मार्गदर्शक मा. बळवंतराव यांचा जाहीर सत्कार'. 'प्रथम मार्गदर्शक' लिहिताना तिने दोनदा पेन खाली ठेवलं. पण गळाला अळी लावणारा माणूस अळीची चव बघत बसत नाही. पत्रिका घेऊन ती रामनाथच्या स्कूटरवर बसून बोईसरला गेली आणि दुकानात हात जोडून म्हणाली, की तुमी नसता तर पोरगी इथवर पोचली नसती. बळवंतरावांनी पत्रिका आणि हे वाक्य, दोन्ही खरं मानलं. पत्रिकेत सत्कार शर्यतीनंतर होता. म्हणजे खरं तर तो नव्हताच. शाल आणि नारळ नुसते टेबलावर दिसायला ठेवायचे होते.

लग्नात नवरानवरीचे व्हिडिओ दाखवतात तसला मोठा पडदा बोईसरहून भाड्याने आणला. शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या, पहिल्या रांगेत मधोमध सोफा. आणि पडद्याच्या कडेला, पडद्याकडे पाठ आणि सोफ्याकडे तोंड करून, एक प्लास्टिकची खुर्ची. ती जयवंतीची.

"अगं, तुला तिथून शर्यत कशी दिसंल?" रामनाथने विचारलं.

"पोरीची शर्यत जन्मभर दाखवतील. ह्याचं तोंड कोण दाखवंल?"

मग रामनाथने भीतभीत विचारलं, की आणि नाय जिंकली तर? जयवंतीने खुर्ची आणखी थोडी सोफ्याकडे सरकवली. नाही जिंकली तर बळवंतराव आख्ख्या गावासमोर, तिनेच मांडलेल्या सोफ्यावर बसून, तिनेच दिलेला चहा पीत दुसरं वाक्य बोलणार होते. पहिल्याचीच अजून सोय लागली नव्हती.

संध्याकाळी बळवंतराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि सोफ्यावर बसले. पडद्यावर चारुता चौथ्या पट्टीत उभी राहिली. जयवंतीला ती दिसली ती बळवंतरावांच्या चष्म्यात. दोन काचांत दोन चिमुकल्या चारुता खाली वाकल्या. पटांगण चिडीचूप झालं.

बंदूक वाजली, आणि लगेच दुसऱ्यांदा वाजली. कोणीतरी आधी सुटलं होतं.

पटांगणातून एकच सुस्कारा निघाला. बळवंतरावांचं तोंड उजळलं. ते शेजाऱ्याकडे वळून समाधानाने म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं."

पण पंच चारुताच्या पुढून निघून गेला आणि त्याने कार्ड दाखवलं ते सातव्या पट्टीतल्या बाईला. दोरी सुटलेल्या फुग्यासारखं बळवंतरावांचं तोंड हळूहळू बसलं. जयवंतीच्या जिभेवर पहिला घास पडला. शर्यत न होता ही चव, तर झाल्यावर काय असेल, या विचाराने तिने खुर्चीचे दांडे घट्ट धरले.

सातव्या पट्टीतली बाई मात्र जाईना. ती पंचांना पाय दाखवू लागली, आकाशाकडे बोट करू लागली. तिचा देश जयवंतीला पक्का ठाऊक आहे, पण शाप एकट्या बाईला लागावेत, देशाला लागू नयेत, म्हणून ती तो सांगत नाही.

वाद लांबला आणि इथे घात झाला. सूत्रसंचालनाला शैलेश होता. एरवी तो टेनिस क्रिकेटच्या सामन्यांना समालोचन करतो, आणि दोन चेंडूंच्या मधली शांतताही त्याला सोसत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो एवढा वेळ गप्प बसला होता. त्याने माइक उचलला आणि जाहीर केलं, की आयोजकांकडून मिळालेल्या या मोकळ्या वेळेचा लाभ घेऊन आपण सत्काराचा कार्यक्रम उरकून घेऊ या.

जयवंती दोन्ही हातांनी नाय नाय करत उठली. "आईंना संकोच वाटतोय, जोरदार टाळ्या," शैलेश म्हणाला. टाळ्या झाल्या. कोणीतरी तिच्या हातात शाल दिली, कोणीतरी नारळ. बळवंतराव पुढे आले आणि त्यांची मान खाली आली. चिराग फोटोवाल्याने दोघांना पडद्यासमोर उभं केलं, पाठ पडद्याकडे.

"काका, इकडं बघा. वयनी, तुमी पण इकडं."

जयवंतीने इकडे पाहिलं नाही. ती बळवंतरावांच्या तोंडाकडे बघत होती. त्यासाठी तर सगळा खटाटोप होता.

पाठीमागे बंदूक वाजली. या खेपेला एकदाच. पटांगण किंचाळत उभं राहिलं.

"थांबा काका," चिराग म्हणाला, "फ्लॅश नाय पडला. हसा."

बळवंतराव हसले. चारुता पाठीमागे सुटली, बळवंतराव हसत होते. ती सगळ्यांच्या पुढे निघाली, ते हसतच होते. चष्म्याच्या काचांत आता पट्ट्या नव्हत्या, दोन पांढरे फ्लॅश होते. पोरीने आशिया खंड मागे टाकला तोवर जयवंतीला डोळ्यांत तेल घालून बघायला मिळाले ते फक्त दात. ना धास्ती, ना पश्चात्ताप. खालच्या रांगेतल्या एका दाताला चांदी होती, ही एवढीच नवी माहिती हाती आली.

मग बळवंतराव वळले. पडद्यावर चारुता झेंडा घेऊन धावत होती. त्यांनी नारळ काखेत मारला, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं."

लगेच शर्यत पुन्हा दाखवली. पण निकाल ठाऊक असलेली शर्यत म्हणजे लग्नाची सीडी. बळवंतराव ती भाच्याचं लग्न बघावं तशी मान डोलावत बघत राहिले.

शेवटी जयवंतीने माइक हिसकावला आणि सहा वर्षं वाढवलेलं वाक्य सगळ्या गावासमोर त्यांच्या तोंडावर टाकलं. वाडी, शिंपणं, घाई, बाद, सगळं.

बळवंतरावांनी खांद्यावरची शाल सावरली आणि ते गहिवरले. "वहिनी, आठवण ठेवलीत," ते म्हणाले. "तेव्हा मुद्दाम टोचून बोललो, म्हणून तर पोरगी जिद्दीला पेटली. त्यालाच मार्गदर्शन म्हणतात."

गावाने टाळ्या वाजवल्या. रामनाथनेही दोन वाजवल्या, मग बायकोकडे बघून हात खिशात घातले.

दोन दिवसांनी फोटो पेपरात आला. पुढे शाल पांघरून हसणारे बळवंतराव, मागे पडद्यावर रेघ ओलांडणारी चारुता, आणि दोघांच्या मधे भूत बघितल्यासारखी जयवंती. खाली 'प्रथम मार्गदर्शक' वगैरे मजकूर होता, पत्रिकेवरूनच घेतलेला. बळवंतरावांनी फोटोला चौकट करून तो दुकानात बुटांच्या वर टांगला. आता बोईसरचे आईबाप पोरींना घेऊन त्यांच्याकडे येतात आणि हिला थोडं टोचून बोला अशी विनंती करतात.

चारुता घरी आली त्या दिवशी जयवंतीने तिला दृष्ट काढून आत घेतलं, पण पदकाकडे बघितलं नाही. मिरवणूक पांगल्यावर मायलेकी वाडीत जाऊन बसल्या. जयवंतीने झालं ते सगळं सांगितलं. चारुताने कात्रण उलटसुलट करून बघितलं.

"म्हणजे त्यानं बघितलंच नाय?" शेवटी ती म्हणाली.

"नाय."

"मला पायात गोळा आला होता, आई. शेवटच्या टप्प्यात. तू फोनवर सांगितलेलंस, तर वाटलं, तो बघत असंल, आता थांबायचं नाय. म्हणून पळले." तिने गळ्यातलं पदक काढलं आणि खोबऱ्याच्या टोपलीत ठेवलं. "मंग ही शर्यत धरायची नाय."

जयवंतीला त्या आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. तिने लेकीच्या पोटऱ्यांना तेल लावायला घेतलं.

अर्ज लिहायचं काम रामनाथकडे आलं. कारखान्यात रजेचे अर्ज लिहून त्याचा हात बसलेला होता. त्यातला एकही मंजूर झाला नव्हता, पण भाषा पक्की होती. दोघी सांगत गेल्या आणि तो लिहीत गेला:

प्रति, मा. अध्यक्ष, आशियाई अजिंक्यपद स्पर्धा कार्यालय. महोदय, उपरोक्त स्पर्धेतील महिलांची शंभर मीटरची अंतिम शर्यत ही प्रमुख पाहुण्यांची पाठ असताना उरकण्यात आल्याने ती रद्द समजून शिरगाव येथे पुन्हा घेण्यात यावी. सदर वेळी श्री. बळवंतराव यांना रेघेच्या पलीकडे खुर्चीवर, धावणाऱ्यांकडे तोंड करून बसवण्यात यावे व शर्यत संपेपर्यंत त्यांच्या परिसरात फोटो काढण्यास मनाई करण्यात यावी. सातव्या पट्टीतील खेळाडूस बोलावण्यास आमची हरकत नाही, मात्र तिने वाद घालू नये. सर्व खेळाडूंची राहण्याची व जेवणाची सोय आमचे घरी करण्यात येईल. तरी सर्व संबंधित देशांना आपल्या स्तरावरून तसे कळवावे, व निकालात फरक पडू नये म्हणून त्या दिवशी जेवढा वारा होता तेवढाच सोडण्याचे आदेश संबंधित खात्यास द्यावेत, ही विनंती.