परेडचं डिझेल

कोळ्याच्या बायकोने, यासिनने, फाटकं जाळं नौदलाच्या गस्तीनौकेच्या ताज्या रंगवलेल्या डेकवर टाकलं आणि उद्या मंत्री बसणार होते त्या खुर्चीवर जाऊन बसली. पाठीला कापडात बांधलेली मुलगी जागी होती. हात मागे नेऊन यासिनने तिचं पाऊल चाचपलं.

पताका बांधणारे दोन खलाशी थांबले. आवाज ऐकून कप्तान सान्यांग वरून खाली आला.

"भातखाऊ जोला," ती म्हणाली, "मालकीण आलीय. पाणी तरी विचार."

खलाशी हसले. ती सेरेर, तो जोला. दोन्ही जमातींमध्ये पूर्वजांपासून थट्टेचं नातं. त्यात एकमेकांना गुलाम म्हटलं तरी राग धरायचा नाही, आणि त्या नात्याने मागितलेलं सहसा नाकारायचं नाही.

"तुम्ही सेरेर स्वप्नातसुद्धा मालकच," सान्यांग म्हणाला. "काय झालं?"

तिने सांगितलं. परदेशी ट्रॉलर तीन दिवस होड्यांच्या हद्दीत घुसतोय. काल तिच्या नवऱ्याचं, मोदूचं, जाळं फाडून गेला. आज मोदू भावाचं जाळं मागून घेऊन पहाटे पुन्हा तिथेच गेलाय. गेल्या आठवड्यात शेजारची होडी अशीच वाटेत आली, त्यातले दोघं परतले नाहीत. बोलताना तिने खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

सान्यांगने टोपी काढली. वरून कागद आल्याशिवाय निघता येत नाही, म्हणाला. टाकीतलं डिझेलही उद्याच्या नौदल दिनाच्या परेडपुरतंच आहे.

"मग पाहुण्यांना दाखवणार काय? रंग?"

एक खलाशी जाळं उचलून धक्क्यावर टाकायला वाकला.

"राहू दे ते," सान्यांग म्हणाला. "ट्रॉलरवाल्यापुढे ठेवायचंय. इंजिन सुरू कर. वहीत लिही, परेडचा सराव."

"सराव कुठपर्यंत, साहेब?"

"होड्या आहेत तिथपर्यंत."

यासिन उठली. लुंगीला मागे पांढरा रंग लागला होता.

"उद्या सगळ्या बोटी परेडला जातील आणि डिझेलविना तुझी एकट्याची बोट इथे बांधलेली दिसेल," ती हळू आवाजात म्हणाली.

"दिसू दे. उतर आता. आणि नुसती मालकीण होऊन मिरवू नकोस, दोर सोड."

दोर ओला होता, जड होता. एका हाताने पाठीवरच्या मुलीला सावरत तिने तो खुंटावरून ओढून काढला, पाण्यात टाकला. बोट समुद्राकडे वळली. पताका काढायला कुणी थांबलं नाही.