पाळण्यावरचा कॅमेरा

मित्रांनो, मी भिंतीवरचा एक जुना कॅमेरा आहे. लग्नात मिरवतो तो नव्हे. दारावर बसून राखण करतो तो. मला एक गोल काच आहे, ऐकायला बारीक भोकं आहेत आणि बोलायला छोटासा कर्णा आहे. घरचं माणूस लांब असलं तर त्यानं आपल्या फोनवर मला उघडायचं, घर बघायचं, वाटलं तर माझ्या तोंडून घरच्यांशी दोन शब्द बोलायचे. असं माझं काम. मला कुणी नुसता डबा म्हटलं की राग येतो. डबा काही राखण करत नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्यासारखी हजारो भावंडं पट्ट्यावरून एकामागून एक सरकत होती. आम्हा सगळ्यांना जन्मताच एकच पासवर्ड मिळाला. पासवर्ड म्हणजे मला उघडायची किल्ली. ती आधी बदला, असं खोक्यात छापूनही दिलं होतं. पण खोकं फोडलं की तो कागद कोण वाचतो? माणसं वस्तू बाहेर काढतात आणि शहाणपण खोक्यातच ठेवून फेकून देतात.

माझी पहिली नोकरी लोणावळ्यात, एका चिक्कीच्या दुकानात. तिथं माझं फार कौतुक झालं. काजूचिक्कीची पाकिटं रोज कमी भरायची आणि शेठ पोरांवर ओरडायचे. मी दाखवून दिलं, चोर कौलावरून येतो आणि त्याला शेपूट आहे! ते माकड पाकीट काखेत मारून, गिऱ्हाईक असल्यासारखं पुढच्या दारानं बाहेर जायचं. सगळा बाजार ते बघायला आला. शेठनी माझी काच स्वतःच्या रुमालानं पुसली. पण कौतुकाचं आयुष्य ते किती! नवा कॅमेरा आला, गोल मान फिरवणारा, आणि मी खिळ्यांच्या डब्यात जाऊन पडलो. आमच्यात चोरवाटा राहिलेल्या असतात. त्या बुजवायला कंपनी अधूनमधून नेटवरून डागडुजी पाठवत असते. मी म्हातारा झाल्यावर माझी डागडुजीही थांबली. पण हे सांगणार कुणाला आणि ऐकणार कोण?

त्या दुकानाची वायरिंग करायला निलेश यायचा. शेठ त्याला म्हणाले, "घेऊन जा हा, नाहीतर फेकायचाच आहे." त्यानं मला खिशात घातलं आणि मी त्याच्या गावी, कामशेतजवळच्या वडिवळ्याला आलो.

घर निलेशचं, पण राज्य त्याच्या आईचं, सरुबाईंचं. शाळा दुसरीपर्यंत, जीभ मात्र पार कामशेतपर्यंत पोचणारी. त्यांची लेक कोमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सुगी उरकली होती, थंडीचं कोवळं ऊन पडवीत यायचं. त्या उन्हात बाज, बाजेशेजारी पाळणा. आतून ओवा-वेखंडाच्या धुरीचा वास. लेक जन्मली होती, आणि तिच्या आजीनं घरात कायदा लावला होता.

"बारसं होईस्तवर फोटो न्हाई. कुणाचाबी फोन पाळण्याजवळ आला तर चुलीत घालीन."

दृष्ट लागते म्हणून. येणाऱ्या बाया पाय धुऊन यायच्या, आणि तोंड बघून झालं की सरुबाई पाळण्यावर पदर ओढायच्या.

बाळाचा बाप आदिनाथ फौजेत, लांब आसामात. सुट्टी मिळेना. एक दिवस फोनवर तो सासूला म्हणाला, "मामी, एकदा तरी तोंड बघू द्या की." एवढा मोठा गडी, पण लहान पोरासारखा विनवत होता. सरुबाईंनी पाळण्यावरचा पदर नीट केला.  मग म्हणाल्या, "फोटो न्हाई म्हंजे न्हाई, जावईबापू. फोटो ह्याच्या त्याच्या फोनात फिरतो. पण निलेशनं ते भिंतीवरचं आणलंय, ते लावू. ते काय कुटं फिरायला जातंय?"

मित्रांनो, इथंच त्या चुकल्या. मी भिंतीवर बसून असतो, पण मी बघितलेलं कुठल्या कुठं जातं.

निलेशनं मला पाळण्यावर ठोकलं आणि फोनवर विचारलं, "दाजी, पासवर्ड काय ठेवू?"

"पोरीचं नाव ठेव. मला आणि समीक्षाला सोडून कुणालाबी ठाऊक न्हाई." समीक्षा म्हणजे आदिनाथची बहीण, बाळाची आत्या. आत्यानं बारशाला कानात सांगेपर्यंत नाव गुपित.

"मला न्हाई सांगणार व्हय? आजी हाय मी!" सरुबाई फुगल्या.

"आई, तुला सांगितलं म्हंजे कामशेत स्टेशनवर पाटी लागली."

मग आदिनाथनं ते एकट्या निलेशच्या कानात सांगितलं आणि त्यानं ते माझ्यात घातलं. मला फार गोड वाटलं ते.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. आदिनाथ पहाऱ्यावरून आला की मला उघडायचा. मग माझ्या तोंडून हळूच आवाज यायचा, "कोमल, निजली का गं?" कोमल मान वर करून माझ्याकडे बघून हसायची. बाळ जांभई द्यायचं, आणि तिकडं आसामात तो बाप काय हरखायचा! चिक्कीच्या दुकानात मी चोर पकडला होता. इथं मी एका बापाला घरी आणत होतो. मग मी ताठणार नाही तर कोण?

पण ही गोष्ट भावकीत कळली. सरुबाईंची नणंद नंदाबाई देहूरोडला असते. तिचा फोन आला. "वहिनी, आमाला परकं केलं का? जावयाला दिसतं, आमाला न्हाई?"

सरुबाईंना टोमणा सहन होत नाही. "टाक रं त्या कॅमेऱ्याचा नंबर भावकीच्या ग्रुपवर," त्या निलेशला म्हणाल्या. "म्हणतील, सरुबाई नात लपवतीया."

"आई, नुसत्या नंबरानं काय दिसत न्हाई. पासवर्ड लागतो."

"मग तर टाकच. तोंडं तरी बंद हुतील."

माझ्या पाठीवरचा नंबर, म्हणजे नेटवरचा माझा पत्ता, ग्रुपवर गेला, आणि तिथून कुठं कुठं गेला ते देव जाणे.

मग बारसं झालं. समीक्षा पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, बायांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले आणि नाव फुटलं, इंद्रायणी! ज्या नदीच्या पाण्यावर हे खोरं पिकतं, त्या नदीचं नाव. सरुबाईंना इतकं आवडलं की त्यांनी माईकवरून पुन्हा पुकारायला लावलं. दाराशी फ्लेक्सवर नाव, ग्रुपवर व्हिडिओत नाव, बुंदीच्या पुड्यांवर नाव. निलेश पंगतीच्या गडबडीत. नंबर आधीच गावभर झाला होता. आता किल्लीही माईकवरून वाटली गेली. आणि कुणाच्या म्हणून ध्यानात आलं नाही.

त्यानंतर एके दुपारी कोमल पाळण्याजवळ ऊन खात बसली होती. पदराआड बाळ पीत होतं. सरुबाई अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होत्या. तेवढ्यात माझा कर्णा खरखरला. कोमलनं सवयीनं हसून वर बघितलं.

"इंद्रायणी... ए इंद्रायणी, इकडं बघ की."

तो आदिनाथ नव्हता.

कोमलचं हसू तोंडावरच थिजलं. आवाज हसला. "घाबरलीस व्हय? बस की, बस."

मी काय करणार? तोंड माझं होतं, बोल त्याचे होते. कोमल बाळाला छातीशी धरून आत पळाली आणि दाराची कडी लावली. सरुबाई हातातल्या सुपासकट धावत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"कोण रं तू? नाव सांग! माज्या दारात, माज्या बाळंतिणीशी बोलतोस? तोंड दाखव की मेल्या! लोकाचं घर बघतोस, स्वतःचं तोंड दाखवायला का मरण येतंय?"

 पलीकडं टक् असा आवाज आला आणि तो गेला. चोरून बघणाऱ्याला कुणी आपल्याकडं बघितलेलं चालत नाही. सरुबाईंनी बाजेवरची गोधडी माझ्यावर फेकली आणि निलेशनं येऊन वायर उपटली.

पण कोमलच्या मनातलं कुणाला उपटता येईना. ती बाहेर येईना. आतल्या अंधारात भिंतीकडं तोंड करून बसायची. भांडं वाजलं तरी दचकायची. दूध कमी झालं. बाळ रडायचं आणि त्याच्याबरोबर तीही. सरुबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या तडतडल्या, घरभर ठसका उठला, बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी कोमल म्हणाली, "दादा, मला सासरी सोड. लोक म्हणतील, बाळंतीण बाहेर कशाला बसलीवती."

तिला त्या माणसापेक्षा या वाक्याची भीती होती. लेकीनं हक्कानं विसावा घ्यावा असं एकच ठिकाण, माहेर. तेच तिला नकोसं झालं होतं.

निलेश पोलीस ठाण्यात जाऊन सायबरची तक्रार देऊन आला. तिथल्या साहेबांनी विचारलं, पासवर्ड काय होता? त्यानं सांगितलं, आणि सांगतानाच त्याच्या ध्यानात आलं, हे नाव तर आपण गावभर पुकारलं होतं. साहेब म्हणाले, तपास करतो, पण ग्रुपवरच्या लोकांनाही सावध करा, त्यांचे पासवर्डही असलेच असतील. निलेश आईला म्हणाला, "ग्रुपवर लिहू का? पण लोक हसतील गं."

सरुबाईंनी तो सगळा दिवस कामात घालवला. भाकऱ्या थापल्या, गुरांना वैरण घातली, पण ग्रुपचं नाव काढलं नाही. ज्या भावकीपुढं मान वर करून मिरवलं, तिच्यापुढं कबूल करायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकाला म्हणाल्या, "ते ग्रुपवर बोलायचं बटण दाब. मी बोलते."

आणि पडवीत उभं राहून, आत कोमलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलल्या.

"मी सरुबाई बोलतीया. आमच्या कॅमेऱ्यातनं कुणीतरी परका घरात शिरला. त्याला वाट दिली ती मी. नंबर ग्रुपवर टाकायला लावला मी, पोरीचं नाव माईकवर पुकारलं मी, आन् तेच नाव किल्ली हुतं. माज्या कोमलनं काय बी चुकवलं न्हाई. ती तिच्या आईच्या दारात ऊन खात बसलीवती. कुणाला हसायचं आसंल त्यानं मला हसावं, तिला न्हाई. आन् हसून झालं की आपापल्या कॅमेऱ्याची आन् फोनची किल्ली बदलून घ्या. लेकराबाळांची नावं ठेवू नगा त्यास्नी."

हसलं कुणीच नाही. थोड्या वेळानं नंदाबाईचा फोन आला, आवाज पडलेला. "वहिनी, आमच्या कॅमेऱ्याला नातवाचंच नाव हाय गं."

"मग बोलत काय बसलीस? ऊठ, बदल आधी!"

आत दाराची कडी निघाली. कोमल उंबऱ्यात येऊन उभी राहिली.  आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. सरुबाई म्हणाल्या, "रड. पर दूध पाजताना रडू नगंस, पोरगी रडकी हुईल." आणि कोमल रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी बाज पुन्हा उन्हात आली. आता आदिनाथला बघायचं असलं की तो फोन करतो. घंटी वाजते. कोमल आवरलेली असली, तिला वाटलं, तर उचलते. नाहीतर वाजू देते. सरुबाई म्हणतात, "जावईबी दार वाजवून आला पायजे." आदिनाथला ते पटलंय. काल कोमलनं फोन दोनदा वाजू दिला, आणि तिसऱ्यांदा उचलून त्याला बाळाचं पहिलं हसू दाखवलं.

माझं काय झालं विचाराल, तर निलेश मला कुणाला तरी विकणार होता. सरुबाईंनी त्याच्या हातातून मला काढून घेतलं. "ह्याच्या चोरवाटा आता बुजत न्हाईत म्हणतोस, आन् दुसरीच्या पाळण्यावर बांधतोस?" म्हणून मी आता खिडकीत पडून आहे. निलेश वराळे गावाला कामाला जाईल तेव्हा मला तिथं, जुनी यंत्रं मोडीत घेतात त्या केंद्रात देणार आहे. मला वाईट वाटत नाही. कोमल आज माझ्यासमोरच, उन्हात, बाळाला थोपटत बसली होती. तिनं माझ्याकडं पाठ केली नाही. एका राखणदाराला जाताना याहून काय हवं?

मित्रांनो, जाण्याआधी एक मागणं आहे. तुमच्या घरातही माझी भावंडं असतील, भिंतीवर, फोनमध्ये, टीव्हीत. त्यांची किल्ली कुणाकुणाकडं आहे ते आज घरी विचारा. कंपनी डागडुजी पाठवते ती घ्या, आणि ती थांबली की आम्हाला निरोप द्या. आम्ही रुसत नाही. घरात कुणाला असा परका आवाज आलाच, तर ज्याला आला त्याला बोल लावू नका, त्याच्याजवळ बसा. आणि बाळाचं नाव साऱ्या गावाला सांगा, पेढे वाटून सांगा. घराची किल्ली मात्र दुसरी ठेवा.