किरमिजी लोकर

धनश्रीला ती अळी पहिल्यांदा दिसली तेव्हा तिच्या पाठीवरचं घर निव्वळ राखाडी होतं. भोपळ्याच्या बीएवढी चपटी डबी, डिंडोलीतल्या तिच्या आणि मायच्या खोलीत पत्र्याच्या पेटीमागच्या भिंतीवर सरकत होती. उष्ण प्रदेशातला हा एक बारीक पतंग. अळी असेपर्यंत तो आपल्या रेशमात धूळ आणि धागे गुंफून असं घर करतो आणि ते ओढत हिंडतो. नुकतीच प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली धनश्री रोज पट्टी लावून डबीची लांबी वहीत टिपू लागली.

तिसऱ्या दिवशी डबीच्या दोन्ही टोकांना किरमिजी कडा आली. डबी दोन्हीकडून वाढते, म्हणजे मधलं जुनं आणि कडेचं नवं. ती हरखली. कडा रोज किती रुंदावते तेही मोजू लागली. रंग आला कुठून, हे काही तिच्या मनात आलं नाही.

नवव्या दिवशी आलं. घरात अंगावर, खिडकीत, गादीवर सगळं पॉलिएस्टर, आणि ते या अळीला पचत नाही. तिला लोकर लागते, केस लागतात, कोळ्याची जुनी जाळी लागतात. लोकरीची वस्तू घरात एकच होती, तिच्या वडिलांचा, बापूंचा किरमिजी मफलर. हिवाळ्यात पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये सकाळपाळीला सायकलवर जाताना ते तो गळ्याला गुंडाळत. बापू गेल्या वर्षी वारले. तेव्हापासून मायने तो पेटीत जपला होता. धुतला नव्हता, डांबरगोळ्याही घातल्या नव्हत्या. त्याला विडीचा आणि रंगाचा वास होता.

मायसमोरच तिने पेटी उघडली. मफलर उजेडात धरला तर त्याची चाळण झालेली. तेव्हा धनश्रीने सगळं सांगितलं, भिंतीवरच्या डबीपासून.

"तुले रंग दिखीसन कितला दिन व्हयनात?" मायने विचारलं.

"सहा."

धनश्रीने चिमट्याने चार डब्या वेचून कागदावर ठेवल्या. अंडी मात्र खसखशीहून बारीक, ती हाताने निघणार नव्हती. कडक उन्हात टाकला किंवा डांबरगोळ्या घातल्या तर मफलर वाचेल, असं तिने सांगितलं. वासाचं काय, मायने विचारलं. वास जाईल, ती म्हणाली.

मायने मफलरची घडी घातली, भोकं आत जातील अशी. पेटीत ठेवला.

"मंग ऱ्हाऊ दे. जितला दिन टिकी तितला दिन वास तं ऱ्हाई."

धनश्रीने चारही डब्यांच्या किरमिजी कडा नखाने उसवल्या. चिमूटभर लोकरीचा गुंता निघाला. मायने तो हातात घेऊन नाकाशी नेला. त्याला वास नव्हता. तिने तो परत दिला.