चार मिनिटांत बंब

नगरपालिकेच्या विभाग कार्यालयातून दर महिन्याला एक पत्रक निघायचं. ते लिहायचं काम बारा वर्षं तिच्याकडे होतं, म्हणून तिला सगळे पत्रकबाई म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने. नवी घरं कुठे होणार, कुठल्या गल्लीत गाड्या लावायला बंदी, आग लागली तर काय करायचं, हे सगळं एका पानात बसवायचं. अगडबंब सरकारी वाक्य सोपं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तिच्या मावशीला या पानाचं भारी कौतुक. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं होतं. मावशी आणि काका जवळच्याच एका अरुंद गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. दर महिन्याचं पत्रक मावशी फ्रिजच्या दारावर चिकटवायची आणि येईल त्याला दाखवायची, आमच्या पोरीनं लिहिलंय म्हणून.

त्या गल्लीच्या तोंडाशी चौऱ्याऐंशी घरांची नवी इमारत उभी राहिली. कागदावर तिला तळघरात पार्किंग होतं. प्रत्यक्षात तळघरात गोदामं निघाली आणि गाड्या गल्लीत आल्या. मधून स्कूटर काढायची तरी आरसे मिटवावे लागत. तक्रारी फार झाल्या तेव्हा विभाग कार्यालयाच्या साहेबांनी आपत्कालीन सराव ठेवला. आदल्या संध्याकाळी शिपाई घरोघरी फिरले आणि सगळ्या गाड्या हलवून घेतल्या. सकाळी अग्निशमन दलाचा बंब रिकाम्या गल्लीतून सुळकन आत गेला. फोन आल्यापासून चार मिनिटं. फोटो निघाले, चहा झाला. दुपारी पत्रकबाई पुन्हा तिथून गेली, तर गाड्या होत्या तशा परत लागलेल्या.

रोज काही गल्ली अशी मोकळी नसते, तेही लिहायचं का, असं तिने साहेबांना विचारलं. लोकांना घाबरवायला आपण पत्रक काढत नाही, असं ते म्हणाले. तिने वाद घातला नाही. पत्रकात आलं: ‘आग लागल्यास घाबरून जिन्याकडे धावू नका. दार बंद करा, फटीला ओलं कापड लावा. बंब चार मिनिटांत पोहोचतो.’

दोन महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी, मावशीच्या इमारतीत तळमजल्यावरच्या गादीवाल्याच्या दुकानात आग लागली. काका डोळे तपासायला दवाखान्यात गेले होते. मावशीने आधी पत्रकबाईला फोन लावला.

“जिन्यात धूर दिसतोय गं. शेजारचे तोंडाला पदर लावून निघालेत. मी पण उतरू का?”

मावशीचे गुडघे धड नव्हते. पण काठी टेकत ती रोज एकदा तरी खाली उतरायची.

“उतरू नकोस,” पत्रकबाई म्हणाली. “दार लाव, फटीला ओला टॉवेल लाव. चार मिनिटांत येतील ते.”

“हो, वाचलंय मी,” मावशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पत्रकबाई चपला न घालताच धावत निघाली. गल्लीच्या कोपऱ्यावर बंब उभा होता. दोन्ही बाजूंच्या गाड्यांमध्ये त्याचं नाक अडकलं होतं; पुढेही जाता येईना, मागेही. जवान एका गाडीची काच फोडून ब्रेक सोडत होते. काही जण पाइप खांद्यावर घेऊन गाड्यांच्या टपांवरून चालत होते. त्यांना तिसरा मजला गाठायला सव्वीस मिनिटं लागली. पदर लावून उतरलेले शेजारी समोरच्या ओट्यावर खोकत बसले होते. सगळे सुखरूप होते. मावशी दाराशी सापडली; जीव गेला होता. टॉवेल तिने नीट घडी करून फटीत बसवला होता. धूर मात्र जिन्याकडून नाही, मोरीच्या खिडकीतून आला होता.

आठवड्याने साहेबांनी नव्या पत्रकाचा मजकूर मागितला. रहिवाशांच्या बेशिस्त पार्किंगमुळे मदतीस विलंब झाला, एवढंच लिही म्हणाले. दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडणारं ते वाक्य तिने लिहिलं नाही. चौकशी अधिकाऱ्यापुढे जाऊन तिने जबाब दिला: सराव कसा झाला, गाड्या कुणी हलवल्या, तळघरात काय आहे, आपण काय पाहिलं आणि तरी काय लिहिलं. फोनवर काय सांगितलं, तेही सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

गोदामांना नोटीस गेली, त्या नोटिशीवर स्थगिती आली. गल्लीत पिवळे पट्टे मारले गेले. त्यांच्यावर गाड्या लागू लागल्या. साहेबांची बदली झाली आणि महिन्याभरात बढतीही. पत्रकबाईला पाणीपट्टीच्या खिडकीवर बसवलं.

काकांकडे ती रोज जायची, पण फोनवरचं बोलणं तोंडातून निघत नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी त्यांनीच विषय काढला.

“शेजारची म्हणते, तुझी मावशी दारात येऊन उभी होती. मग आत गेली. तिला थांबायला कुणी सांगितलं?”

“मी,” ती म्हणाली. “तिने मला विचारलं होतं, उतरू का म्हणून.”

काका म्हणाले, जबाबाची प्रत आण, मला नीट दिसत नाही, तू वाचून दाखव. दुसऱ्या दिवशी तिने वाचला. दोनदा ती वाचता वाचता थांबली, तेव्हा काकांनी वाट पाहिली. पाणी घे म्हणाले नाहीत, राहू दे असंही म्हणाले नाहीत. शेवटच्या सहीपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं.

“वय चुकलंय,” ते म्हणाले. “एकाहत्तर लिहिलंयस. तिला बहात्तरावं लागलं होतं, एकाहत्तर पुरी झाली होती. म्हणजे बरोबरच आहे. असू दे.”

मग ते उठले, भिंत चाचपत आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. तिला जा म्हणाले नव्हते. ती बाहेरच्या खोलीत बसून राहिली.