थोरलीचं सूप

डॉक्टरांनी थोरल्या जावेला वजनकाट्यावर उभं केलं, आकडा पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आजी, वजन उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन नाही, सांगितलं होतं ना? बाराशे कॅलरींचा आहार दिलाय तुम्हाला. तेवढंच खाल्लं तर वजन उतरायलाच हवं. इथे तर चढलंय!"

"अहो, मी दोन्ही वेळा नुसतं भाज्यांचं सूप पिते. विचारा हिला, हीच करते."

सगळ्यांनी धाकट्या जावेकडे पाहिलं. ती पिशवीचे बंद सारखे करत बसली होती. "सूप मी करते," ती म्हणाली. "बाकीचं मला काय माहीत?"

थोरलीचा मुलगा हसला. "आई, हवा पिऊन कुणी फुगतं का गं?"

धाकटीच्या काळजाला गारवा मिळाला. असंच तिलाही एकदा भरल्या टेबलावर ऐकवलं गेलं होतं, लग्न होऊन नवी नवी आली तेव्हा. घरात खाणारी तोंडं बरीच आणि स्वयंपाकघर थोरलीच्या मुठीत. धाकटीच्या ताटात पावाचा तुकडा आणि वाटीभर भाजी. पण घरातलं काही टाकायचं नाही, हा थोरलीचा कायदा. पोरांनी सोडलेला भात, पुरुषांच्या वाट्यांच्या तळाचं, पातेल्याला चिकटलेली साय, सगळं मागाहून धाकटीनेच उभ्या उभ्या संपवायचं. टेबलावर ते कुणाला दिसत नव्हतं. अंगावर मात्र दिसायला लागलं.

"ताटात चिमणीएवढं आणि अंगाने गोणी! चोरून खाते, दुसरं काय?" थोरली म्हणाली होती. सगळे हसले. नवराही हसला. तेव्हापासून ती गोणीच झाली. पाहुण्यांसमोरसुद्धा, "आमची गोणी आणेल हं चहा." धाकटीने डूख धरला आणि दुसऱ्या बायका दागिने जपतात तसा जपला.

आता दोघींचे नवरे गेले होते, थोरलीचा गुडघा गेला होता आणि पळी धाकटीच्या हातात आली होती. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी बजावलं होतं, "भाज्या पोटभर द्या, पण लोण्यातुपाला हात आखडता घ्या. एका मोठ्या चमच्यात शंभर कॅलरी असतात." धाकटीने ते अगदी मन लावून ऐकलं. घरी येऊन तिने भोपळा उकडला, घोटला आणि त्यात लोणी असं जिरवलं की तवंगही दिसू नये. शिवाय साय, तीही घोटून एकजीव केलेली.

"हाताला चव आली गं तुझ्या म्हातारपणी," थोरली वाटी निपटून म्हणायची.

"प्या ताई, भाज्याच आहेत."

दवाखान्यातून परतल्यावर मुलाने आईचं कपाट उघडलं, उशी उचलून पाहिली, बिस्किटांचा डबा स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवला. थोरली काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आली. डोळे लाल झाले होते.

"तू तरी सांग त्याला. मी चोरून खाते का गं?"

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. धाकटीने कांदा चिरायला घेतला. "तुमच्या खोलीतलं मला इथून काय दिसणार, ताई?"

थोरली चौकटीला टेकली. मग हळूच म्हणाली, "तेव्हा तू खायचीस का चोरून?"

"नाही."

"मग लठ्ठ कशी झालीस?"

"तुमच्या घराचं उष्टं खाऊन."

काठी दारावर आपटत थोरली म्हणाली, "उद्यापासून मीच रांधणार. सगळ्यांचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बघू दे मी काय गिळते ते!"

आणि ती इरेला पेटली ती पेटलीच. दुसऱ्या दिवशी दुखरा पाय उचलून, ओट्याला रेलून, कण्हत कण्हत तिने सगळ्यांचं शिजवलं. स्वतःसाठी पाण्यात उकडलेल्या भाज्या घेतल्या. धाकटी टेबलाशी बसली होती. या घरात आल्यापासून ती पहिल्यांदाच आयतं जेवायला बसत होती, आणि वाढत होती थोरली.

आता महिनाभरात वजन उतरणार, हे धाकटीला पुरतं ठाऊक होतं. ऑपरेशनही होईल. मग कुणीतरी विचारेल, आधीच्या सुपात असं काय होतं? थोरलीचा मुलगा चार शब्द सुनावेल, त्याची बायको तोंड फिरवेल.

कळू दे, तिला वाटलं. तिने पाव मोडून रश्शात बुडवला, सावकाश चावला आणि रिकामी वाटी पुढे सरकवली.

"ताई, आणखी वाढा. अगदी काठोकाठ."