फ्यूजपेटीवरचा पत्रा

चांदूर बाजारच्या मोटर-अड्ड्यावर पहाटेचे साडेपाच वाजले की सूर्यभान ड्रायव्हर कामाला लागे. आधी रेडिएटरमध्ये दोन डबे पाणी. मग तेलाची कांडी बाहेर काढून, फडक्याने पुसून, पुन्हा बुडवून पाहणे. मग पाना घेऊन सहाही टायरांवर एकेक ठोका आणि त्या आवाजाकडे कान. अमरावतीच्या ज्या वर्कशॉपात तो तीन वर्षे उमेदवार होता, तिथल्या मिस्त्रीने हा क्रम त्याच्या हाताला लावून दिला होता. खुशालरावांच्या मोर्शीच्या गाडीवर नोकरीला लागल्यापासून त्याने तो एकदाही मोडला नव्हता. सगळ्यांत शेवटी तो आपल्या डाव्या हाताचे एकटे सीट उचली. त्याखाली लाकडी पेटीत बॅटरी होती, आणि बॅटरीला आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्टीवरच, जागा वाचावी म्हणून, बॉडी बांधणाऱ्याने फ्यूजपेटी बसवली होती. बॅटरीच्या घरांत पुरेसे पाणी आहे ना, हे सूर्यभान पाही. फ्यूजपेटीकडे मात्र अलीकडे त्याची नजर जात नसे. तो सीट चटकन खाली टेकवी आणि हॉर्न वाजवी.

१९५९ सालच्या जानेवारीतली ती थंडी होती. गाडी साडेसहाला सुटे. त्या एकट्या सीटवर एकच उतारू बसत असे, ती म्हणजे जाईबाई. मोर्शीच्या वाटेवरच्या एका खेड्यात सरकारी प्रसूतिकेंद्र होते, तिथे ती नर्स होती. सव्वादोन वर्षांपूर्वी तिच्या मोहल्ल्याने धम्मदीक्षा घेतली होती आणि घराघरांतले देवांचे टाक नदीत सोडले होते. गावाने ते पाहिले होते आणि विसरायचे नाही असे ठरवले होते. जाईबाई बायकांच्या बाकाजवळ गेली की बाक नेमका भरलेला असे. कुणी तिला ऊठ म्हणत नसे. फक्त कुणी सरकत नसे. म्हणून बॅटरीवरचे ते सीट तिचे झाले. ती नसेल त्या दिवशी त्यावर कुणी गाठोडेसुद्धा ठेवीत नसे.

आणि महिनाभर गाडी रपट्यावर थांबत होती. गावापासून दीड मैलावर नाला ओलांडायचा ठेंगणा दगडी रपटा होता, त्याची अलीकडची कड कापसाच्या गाड्यांनी फोडलेली होती. पुढचे चाक त्या खड्ड्यात धाडकन उतरे, आणि इंजिन मेल्यासारखे गप्प होई. रविवारी, जाईबाईच्या सुट्टीच्या दिवशी, गाडी थांबत नसे. सोमवार ते शनिवार थांबे.

रपट्याच्या काठावर शेंदूर फासलेला एक दगड होता आणि त्या दगडामागे नत्थूबुवा. चार वर्षांपूर्वीपर्यंत नत्थूबुवा कापसाच्या जिनातल्या प्रेसवर रुईचे गठ्ठे दाबीत असे. पाठ धरली, तेव्हा त्याच्या अंगात येऊ लागले. अंगात येऊ लागल्यावर पाठ बरी झाली.

"उतरवा! उतरवा तिले!" गाडी थांबताच तो ओरडत येई. "इंजिन हाये, तेल हाये, पाणी हाये, ड्रायव्हर हाये, मंग गाडी काहून थांबली? सांगा! ज्यायनं देव पाण्यात बुडवले, त्यायले देव पाण्यावरून जाऊ देईन काय? इलायतच्या इंजिनाले समजलं, तुमाले काहून समजत नाही, बाप्पा?"

उतारू खाली उतरत. आजूबाजूच्या शेतांतून कापूस वेचणारी माणसे धावत येत. जाईबाईला पन्नास पावले लांब उभे केले जाई. नत्थूबुवा बॉनेटवरून तीनदा लिंबू उतरवी, रेडिएटरच्या तोटीत चिमूटभर अंगारा टाकी आणि इंजिनाच्या कानात, म्हणजे डाव्या दिव्यात, काहीतरी पुटपुटे. मग हात वर करी: "लाव!" सूर्यभान स्टार्टर दाबी आणि इंजिन सुरू होई. "हर बोला!" अशी आरोळी उठे. नारळाचे तुकडे वाटले जात. मग नत्थूबुवाच्या परवानगीने जाईबाई रपटा पायी ओलांडून पलीकडे गाडीत चढे.

हे सारे चालू असताना सूर्यभान काय करी? सगळ्यांचे डोळे बुवाच्या लिंबाकडे असत. तो सीट उचली, फ्यूजपेटीतली वितळलेली तार काढी आणि खिशातली नवी गुंडाळी. पहिल्या दिवशी त्याला वाटले, तार जुनी असेल. दुसऱ्या दिवशी वाटले, पकड ढिली असेल. तिसऱ्या दिवशी त्याने झाकणाची खालची बाजू पाहिली. तिथे काळा, जळका डाग होता.

फ्यूजपेटीचे मूळ झाकण काळ्या कठीण रबराचे होते. डिसेंबरअखेर त्याच्याच हातून इंजिन फिरवायचे हँडल पडून ते फुटले. नवे झाकण अमरावतीहून आणायचे होते; ते आज आणू, उद्या आणू करता त्याने वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापला, चारी कडा वाकवल्या आणि बसवून दिला. मालकाला सांगितले नाही. रबरातून वीज जात नाही आणि पत्र्यातून जाते, हे उमेदवाराला पहिल्या महिन्यात शिकवतात. सीटवर माणूस बसले की सीटच्या जुन्या स्प्रिंगा पत्र्यापर्यंत येत. गाडी खड्ड्यात आदळली की पत्रा दबून एका बाजूला पितळी चिमट्याला लागे, दुसऱ्या बाजूला लोखंडी पट्टीला. इंजिनाकडे जायची वीज त्या जवळच्या वाटेने धावत सुटे, आणि फ्यूजची बारीक तार तेवढी वीज न सोसून वितळून जाई. जाईबाईच्या ऐवजी तिथे कुणीही बसले असते, तरी हेच झाले असते. पण तिथे दुसरे कुणी बसतच नव्हते.

चौथ्या दिवशी नत्थूबुवा लिंबू फिरवता फिरवता त्याच्याजवळ आला आणि ओठ न हलवता म्हणाला, "झालं काय?" सूर्यभानने मान हलवली. "लाव!" बुवा गरजला. त्या मान हलवण्याचा अर्थ सूर्यभानला त्याच क्षणी कळला होता. पुढे सतरा दिवस तो रोज मान हलवत राहिला.

शुक्रवारी अड्ड्यावर जाईबाई त्याच्याकडे आली. तिच्या हातात केंद्राच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती.

"सूर्यभानभाऊ, आठच्या आत पोचली नाही त दुसरी नर्स मागवतो म्हणतात. सोमवारपासून." ती थांबली. "एक विचारू? गाडी बंद पडायच्या आदी माह्या सीटखाली चर्रकन वाजते, जळल्याचा वास येते. तुमाले येत नाही?"

"नाही," सूर्यभान म्हणाला.

"अन् संध्याकाळी मी दुसऱ्या मोटरीतून त्याच रपट्यावरून वापस येतो. देव काय सकाळीच रागावते?"

सूर्यभान टायरवर पाना आपटत राहिला. टायरमध्ये हवा भरपूर होती, हे त्याने आधीच पाहिले होते.

दुपारी मालक खुशालराव म्हणाले, "उतारू दुसऱ्या मोटरीत जाऊन राहिले, सूर्यभान. सोमवारपासून तिले घ्याचं नाही. मी तसा या गोष्टी मानत नाही, पण माहा धंदा मानते."

"जी," सूर्यभान म्हणाला. आपल्या तोंडून 'जी' किती सहज गेले, याचे त्याला घरी जाईपर्यंत नवल वाटत राहिले. त्या रात्री तो जेवला नाही. बायकोने विचारले तर पोट दुखते म्हणाला, आणि तेही खोटेच होते.

शनिवारी खुशालराव स्वतः गाडीबरोबर निघाले. बाजाराचा दिवस असल्याने नत्थूबुवा आदल्या दिवसापासून गावातच मुक्कामाला होता. मालकाने त्याला बोलावून, आज तरी गाडी थांबू नये म्हणून, त्या सीटवर गोमूत्र शिंपडवले आणि मंत्र म्हणवले. जाईबाई पायरीशी येऊन उभी राहिली, पण चढली नाही.

"मी आज बसतच नाही," ती खुशालरावांना मोठ्याने म्हणाली. "मी पायी येतो. जागा शुद्ध झाली असंन त माह्या जागेवर बुवाले बसवा. गाडी सुखरूप रपट्यापार गेली त मी तुमच्या गाडीचं तोंड पायणार नाही. पन थांबली, त मंग दोष कोनाचा ते सांगा."

"बुवा काहून बसतीन तिथं?" कुणीतरी म्हणाले.

"काहून नाही?" मैनाबाई बाकावरून म्हणाली. ती मोर्शीला लेकीकडे निघाली होती आणि तिची जीभ साऱ्या अड्ड्याला ठाऊक होती. "आत्ताच त गायीचं मूत शिंपडलं. का वाया गेलं?"

लोक हसले. नत्थूबुवाने इकडे तिकडे पाहिले, आणि सूर्यभानकडेही पाहिले. सूर्यभान समोरच्या काचेतून रस्ता पाहत होता. बुवा बसला. सीट कुरकुरले.

जाईबाई पदर खोचून रस्त्याने चालू लागली. तिला मागे टाकून गाडी पुढे गेली. रपटा आला. चाक खड्ड्यात उतरले, चर्र झाले, आणि इंजिन गप्प झाले.

सगळ्या माना त्या सीटकडे वळल्या.

"तिची... तिची छाया राह्यली जागेवर," नत्थूबुवा म्हणाला. "जबर छाया हाये. लिंबू लागन."

"मंग आता कोनाले उतरवाचं, बुवा?" मैनाबाईने विचारले. "तुमाले?"

बुवा घाईने उतरला. उतरताना तो सूर्यभानच्या कानाशी वाकला. "तार टाक लवकर. नाही त मालकाले तुह्या पत्र्याचं सांगतो."

म्हणजे पत्र्याचेही बुवाला ठाऊक होते. सूर्यभानचा हात खिशातल्या तारेवर गेला होता, तो तिथेच थांबला. उजव्या हाताने त्याने सीट उचलले.

"सगळे इकडं या," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "लिंबू नंतर पाहा. आधी हे पाहा."

त्याने पत्र्याचे झाकण काढले आणि जळका डाग दाखवला. वितळलेली तार दाखवली. नवी तार गुंडाळली आणि स्टार्टर दाबला. इंजिन सुरू झाले. मग झाकण परत बसवून त्याने हातोडीच्या लाकडी दांड्याने ते दाबले. चर्र झाले, ठिणगी उडाली, इंजिन बंद पडले. त्याने पुन्हा तार घातली, पुन्हा दाबले. तिसऱ्यांदा त्याने दांडा खुशालरावांच्या हातात दिला. खुशालरावांनी दाबला आणि ठिणगी पाहून मागे सरले.

"हा पत्रा कोनी बसवला?"

"मी. रबराचं झाकण माह्या हातून फुटलं. तुमाले सांगाले लाज वाटली, म्हणून पत्रा लावला. मंग गाडी बंद पडू लागली, तवा पत्रा लावला म्हणून सांगाले लाज वाटली. रोज तार मीच टाकत होतो. बुवा माह्या मानेकडं पाहून 'लाव' म्हणत होते."

कुणी हसले, कुणी शिवी दिली. नत्थूबुवा दगडाकडे निघाला होता; दगडाजवळ न थांबता तो पलीकडच्या तुरीत शिरला. "मी म्हणलंच होतं, काहीतरी यांत्रिक असंन," एक उतारू म्हणाला. कालपर्यंत नारळाचा सगळ्यांत मोठा तुकडा तोच घेत असे.

गाडी का थांबते, हे विचारायला मोटरविद्या लागत नव्हती. संध्याकाळची मोटर का थांबत नाही, एवढे एका माणसाने विचारले असते तरी पुरे होते. त्या सीटवर तुरीचे पोते ठेवून पाहिले असते तरी पुरे होते. पण देव रागावला म्हटले की सीट उचलून पाहायची गरज उरत नाही. आणि रागाला कारण असलेले माणूस आधीच ठरलेले असले, तर फारच सोयीचे पडते. त्या सकाळी लोकांना पत्रा दिसला. एकाच माणसाला वर्षभर एकट्याने तिथे का बसावे लागले, हे मात्र कुणी विचारले नाही.

जाईबाई चालत आली तोवर फ्यूजपेटीवर सायकलच्या ट्यूबचा जाड तुकडा बांधून झाला होता. मैनाबाई खिडकीतून म्हणाली, "ये वो बाई, तुह्या अंगचा दोष गेला. बस."

"कोठं?" जाईबाईने विचारले.

मैनाबाईने भरलेल्या बाकाकडे पाहिले. जाईबाई सूर्यभानकडे वळली. "कदीपासून मालूम होतं?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"काल मी वास विचारला तवा बी?"

"तवा बी."

ती गाडीत चढली आणि दांडा धरून शेवटपर्यंत उभी राहिली. आठ वाजून गेले होते. तिच्या मागून सूर्यभान केंद्रात गेला आणि टोपी हातात घेऊन डॉक्टरांना म्हणाला की महिनाभराचा सारा उशीर त्याच्या गाडीचा आणि त्याचा आहे. तसे लिहून द्यायलाही तो तयार आहे. डॉक्टरांनी कागद पुढे केला. त्याने लिहिले, सही केली. जाईबाई आतल्या खोलीत पाणी उकळत होती. तिने बाहेर पाहिले नाही. तिने पाहावे अशी अपेक्षा करण्याचा हक्क आपल्याला नाही, हे त्याला समजत होते.

रविवारी गाडी परतली तेव्हा अड्ड्यावर कुणी नव्हते. सूर्यभानने पाना घेतला आणि त्या एकट्या सीटचे चारही नट काढले. सीट उचलून शेडमागे नेऊन टाकले, आणि बॅटरीच्या पेटीवर उतरती लाकडी फळी ठोकली. तिच्यावर आता कुणाला बसता आले नसते. खुशालरावांनी एका उतारूचे भाडे बुडेल म्हणून कपाळाला आठ्या घातल्या; पण 'काहून' या प्रश्नाचे उत्तर ऐकायची त्यांची तयारी नसावी, कारण त्यांनी विचारले नाही.

सोमवारी साडेसहाला जाईबाई चढली. तिने जागेकडे पाहिले, मग बायकांच्या बाकाकडे पाहिले. बाक नेहमीसारखा भरलेला होता. तिघी बायका आणि मधे गाठोडी. ती दांड्याला धरून उभी राहिली.

सूर्यभानने दोन्ही हात स्टीअरिंगच्या चाकावर ठेवले आणि तो बसून राहिला.

"चाल ना गा, सूर्यभान," मागून कुणीतरी म्हणाले. "वाजले किती!"

"सगळे बसले की निघतो."

मिनिट गेले. मग आणखी एक. कुणी खोकले, कुणी खिडकीबाहेर पाहू लागले. सूर्यभानने आरशात पाहिले नाही. पाठीमागे कुणीतरी पुटपुटत गाठोडे ओढून पायाशी घेतले, बाकाची फळी करकरली, आणि एक माणूस बसल्याचा आवाज झाला.

त्याने स्टार्टर दाबला.